परक्या पावसाचं वरण

शिजत्या तुरीच्या डाळीला एक वास असतो. फोडणीच्या आधीचा, हिंगाच्याही आधीचा. नुसत्या पाण्यात डाळ फुगून उमलू लागते तेव्हाचा. किंचित गोड, किंचित मातकट, आणि आत कुठंतरी उन्हात तापलेल्या गोणपाटाचा एक धागा असलेला. कुकरच्या शिट्टीबरोबर तो फार घाईनं बाहेर पडतो, दोन घटका रेंगाळतही नाही. तो खरा कळायचा पितळेच्या तपेलीतून, झाकण कलतं ठेवून चुलीवर डाळ सावकाश रटरटायची तेव्हा. कडेला पांढरा फेस चढायचा, आजी तो पळीनं काढून टाकायची, चिमूटभर हळद आणि तेलाचा थेंब सोडायची, आणि मग तो वास घर फिरायला निघायचा. माजघरातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात, अंगणातून गल्लीत. शाळेतून परतताना मारुतीच्या पारापाशीच कळायचं, की आज वरण आहे. रोजच असायचं. तरी रोज कळायचं.

या वासाइतकं घरचं दुसरं काय आहे? बाळाच्या जिभेला पहिल्यांदा टेकवतात ते वरणाचं पाणी. तापातून उठलेल्या माणसाला पहिल्यांदा खावंसं वाटतं ते वरणभात, वर तुपाची धार आणि लिंबाची फोड. लग्नाच्या पंगतीत भाताच्या मुदीवर तेच, आणि घरातलं माणूस गेल्यावर तेराव्याच्या पानातही तेच. परगावी शिकायला गेलेलं लेकरू फोनवर काही बोलायचं टाळतं तेव्हा आई विचारते, ‘जेवलास का? वरण असतं का रे मेसला?’ त्या एका प्रश्नात सगळं विचारून होतं. जग कुठंही जावो, वरण आपलं, असं आपण मनाशी धरून असतो. इतकं घट्ट, की ते धरलेलं आहे हेही ध्यानात राहत नाही.

आमचं गाव औसा तालुक्यातलं, काळ्या रानाचं. त्या रानात तूर कधी एकटी नसायची. सोयाबीन आलं ते नंतर. माझ्या लहानपणी हायब्रीड ज्वारीत, मुगा-उडदात तुरीचे तास असायचे. मूग निघायचा, उडीद निघायचा, ज्वारीची कणसं खुडून व्हायची, आणि सगळं रान मोकळं झालं तरी तूर आपली उभीच; धाकट्यांची लग्नं लावून देऊन आई-बापांपाशी राहिलेल्या थोरल्या लेकीसारखी. तिची मुळं खोल जातात, म्हणून वरची माती भेगाळली तरी ती तग धरते. कार्तिकात तिला फुलं लागायची. पिवळी, आणि पाकळीच्या पाठीवर तांबड्या बारीक रेघा. त्या दिवसांत काका फार कमी बोलायचे. पाऊस नव्हे, ऊन नव्हे, त्यांना धास्ती असायची धुईची. एखाद्या पहाटे रानावर धुई दाटली की ते चहा न घेता बांधावर जाऊन उभे राहत. दिवस वर यायचा, धुई विरायची, आणि झाडाखाली फुलांचा पिवळा सडा. दिसायला किती सुंदर! काका त्याच्याकडे बघत नसत. घरी आल्यावर नुसतं म्हणत, ‘गेली.’

उरलेल्या फुलांच्या शेंगा व्हायच्या, आणि शेंगा भरल्या की येळवस यायची. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला वेळअमावस्या वेगळी सांगायला नको; इतरांसाठी एवढंच, की मार्गशीर्षातल्या त्या अवसेला आमच्याकडं गावंच्या गावं रिकामी होतात आणि माणसं रानात जेवतात. कडब्याची कोप, तिच्यात पांडवांची पूजा, मडक्यातली अंबिल, आणि भज्जी. भज्जीत पालेभाज्या, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, आणि ओल्या तुरीचे सोललेले हिरवे दाणे. त्या दाण्यांत वरणाचा वास अजून आलेला नसतो. असतो तो नुसता हिरवा, दुधाळ वास. वाळलेली तूर उन्हाळ्यात जात्याखाली जायची तेव्हा पुढचा वास जन्मायचा. आजी तुरीला तेलाचं बोट लावून, पाणी शिंपडून रात्रभर झाकून ठेवी, मग अंगणात उन्हात पसरी, आणि दोन-चार उन्हं खाल्ली की भरडायला घेई. जात्याची घरघर, फुटणारी टरफलं, सुपात पाखडताना उडणारा पिवळसर धुरळा तिच्या पापण्यांवर बसलेला. कळणा म्हशीला, डाळ रांजणात, आणि रांजणाच्या तोंडाशी कडुलिंबाचा पाला. वर्षाचं वरण तिथं, त्या अंधारात, डोळ्यांसमोर असायचं.

आता रांजण नाही. आता वाण्याकडनं किलोनं डाळ येते, आणि तिच्यामागं समुद्र असतो.

हे मला पहिल्यांदा दिसलं ते २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला. मागची दोन्ही वर्षं, २०१४ आणि २०१५, कोरडी गेलेली. तिकडं प्रशांत महासागराचं पाणी तापलं होतं, एल निनो म्हणतात ते. इकडं आमच्या विहिरीत दोर पोचेनासे झाले. २०१५ च्या दसरा-दिवाळीत तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. वरणावर विनोद झाले, गोदामांवर छापे पडले, साठ्यांवर मर्यादा आल्या. आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पिण्याचं पाणी आलं, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. ज्या शहराची डाळ देशभर जाते, त्याच्या घशाला दुसऱ्या खोऱ्यातलं पाणी.

त्या दिवसांत वडिलांच्या ओळखीच्या एका डाळमिलमध्ये मी गेले होते. मिल म्हणजे आजीचंच अंगण, फक्त फार मोठं. सिमेंटच्या पटांगणावर तेलपाणी दिलेली तूर पसरलेली, आणि एक माणूस अनवाणी पायांनी तीत चालत होता. पाय उचलत नव्हता; ओढत होता, म्हणजे तळव्यांनी ओळी पडत जातात आणि खालची तूर वर येते. डोक्याला गमछा, पोटऱ्यांपर्यंत पिवळी धूळ. टोकाला पोचला की वळायचा आणि शेजारची ओळ धरायचा. सावलीत पोती रचलेली. ओळखीची तागाची थोडी होती. पुष्कळशी पांढरी, प्लॅस्टिकच्या विणीची, आणि त्यांच्यावर निळ्या शाईत मोझांबिक. गादीवर बसलेले मिलवाले फोनवर भाव बोलत होते: लेमन, अरुषा, गजरी, मटवारा. मला ती कुणाच्या मुलींची नावं वाटली. तुरीचीच नावं ती. लेमन ब्रह्मदेशची, अरुषा आणि मटवारा टांझानियाकडची, गजरी मोझांबिकची. ‘आपली कुठाय?’ मी विचारलं. ते हसले. ‘आपली? आपली रानातच वाळली की, माय.’

निघताना त्यांनी घरच्यासाठी पाच किलो डाळ बांधून दिली, त्याच पांढऱ्या पोत्यांतल्या तुरीची. संध्याकाळी आईनं ती शिजायला घातली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून होते, कान टवकारावेत तसं नाक उघडं ठेवून. पाणी उकळलं, फेस आला, हळद पडली.

वास तोच.

अगदी तोच, मातकट, गोडसर, मागं गोणपाट नसूनही गोणपाटाचा. आता यात नवल नाही हे खरं. तूर मूळची आपल्याच भूमीतली, इथल्याच रानटी भावंडापासून माणसांनी ती जोपासली, आणि फार जुन्या काळी केव्हातरी ती समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरली, तिकडच्या लाल मातीत रुजली. मलावीत तिला नांदोलो म्हणतात. म्हणजे गजरी पोत्यातून आली ती माहेरी आलेलीच म्हणायची. पण त्या संध्याकाळी हे कळण्याला काही अर्थ नव्हता. मनात एवढंच येत होतं, की हा पाऊस आपला नव्हे. हे दाणे भरले ते कुठल्या तरी झांबेझियात, नांपुलात, जिथं पेरणी आपल्या दिवाळीनंतर होते आणि काढणी आपल्या श्रावण-भाद्रपदात. जिथली बाई मक्याच्या ओळींत तूर लावते, मका घरात ठेवते आणि तूर विकते, कारण तिच्या घरात तुरीचं वरण फारसं शिजत नाही. ती तूर लावते ती बहुतांशी आपल्यासाठी. आपण तिला कधी पाहिलेलं नाही. तिनंही आपल्याला नाही. आणि तरी तिच्या रानावर पडलेला पाऊस आपल्या घरात हळद घालून उकळत असतो.

२०१६ च्याच जुलैत भारतानं मोझांबिकशी करार केला: पहिल्या वर्षी १ लाख टन तूर घेऊ, वाढवत वाढवत २०२०-२१ पर्यंत २ लाख टन. कागदावर साधी गोष्ट. पण शब्द दिला की समोरचा माणूस पेरतो. आणि तिकडं लोकांनी पेरली. इकडंही पेरली, कारण आदल्या वर्षीचे दोनशे रुपये सगळ्यांच्या डोळ्यांत होते. त्या वर्षी पाऊस आला. असा आला, की तूर डोक्याच्या वर गेली, शेंगांनी वाकली, आणि आदल्या वर्षी देशात २५ लाख टन पिकलेली तूर ४८ लाख टनांच्या पुढं गेली. काकांनी त्या वर्षी धुईचं नावसुद्धा काढलं नाही. मग खळी झाली, तूर बाजारात गेली, आणि ५,०५० रुपयांचा हमीभाव असताना बाजार त्याच्या कितीतरी खाली आला. खरेदी केंद्रांपुढं ट्रॅक्टर रात्ररात्र उभे. माप होईना, कारण बारदाना नाही. तूर आहे, काटा आहे, सरकार आहे, आणि पोती नाहीत! काका ट्रॉलीखाली चवाळं टाकून झोपत. वरणाचा वास तिथंही येई म्हणे, रांगेतल्या लोकांनी तीन दगडांवर शिजवलेल्या वरणाचा. ज्या तुरीला गिऱ्हाईक नाही तीच खात बसलेली माणसं.

ऑगस्ट २०१७ मध्ये आपण आयातीला वेसण घातली. वर्षाला २ लाख टनांची मर्यादा. आमच्या रांगेत उभ्या असलेल्यांना ते बरंच वाटलं, आणि मलाही वाटलं. पण तो महिना तिकडच्या काढणीचा. मलावीत, टांझानियात, मोझांबिकात तुरीची पोती भरून तयार होती, आणि घेणारा एकच मोठा देश, त्यानं दार लोटून घेतलं. करारात बसणारी तूर येत राहिली. तरीही तिकडचे भाव कोसळायचे ते कोसळले. माझ्या काकांची ट्रॉली आणि त्या न पाहिलेल्या बाईचं पोतं एकाच वर्षी, एकाच धान्यापायी, दोन किनाऱ्यांवर पडून राहिलं. मध्ये एवढा समुद्र असून दोघांचं दुःख इतकं सारखं असावं याचं तेव्हा वाईट वाटलं होतं. आता राग येतो.

समुद्राचं बोलायचं तर तो काही नुसता मधला रस्ता नाही. मार्च २०१९ मध्ये इडाई नावाचं चक्रीवादळ मोझांबिकच्या बेयरा बंदरावर आदळलं, आणि शहरामागची सखल जमीन मैलोन्मैल पाण्याखाली गेली. आपल्या नौदलाची सुजाता आणि शार्दूल आणि तटरक्षक दलाचं सारथी ही जहाजं जवळच होती. ती वळून मदतीला पोचली, बाहेरून पहिल्यांदा पोचलेल्यांत ती होती. २०२३ मध्ये फ्रेडी आलं. ते ऑस्ट्रेलियाच्या बाजूला जन्मलं, अख्खा हिंदी महासागर ओलांडून आलं, महिनाभराहून अधिक जगलं, मोझांबिकच्या किनाऱ्यावर फिरून दोनदा चढलं आणि मलावीत शिरून ब्लांटायरभोवतीचे डोंगरउतार चिखल करून वाहवून घेऊन गेलं. तेव्हा तिकडच्या रानात तूर कोवळी असते, मक्याच्या सावलीतली. त्या वर्षी ऑगस्टात आपल्याकडं १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट गेला. म्हणजे एका किनाऱ्यावर जास्तीचं पाणी आणि दुसऱ्यावर नसलेलं, आणि दोहोंच्या मध्ये आपली तपेली.

आभाळाचं एक वेळ समजतं. माणसांचं समजत नाही. त्याच वर्षी पुढं मोझांबिकच्या नाकाला बंदरात तुरीचे कंटेनर अडकून राहिले, वादळानं नव्हे, तिथल्या व्यापाऱ्यांच्या आपापसातल्या भांडणानं आणि कोर्टकचेरीनं. तोवर इकडं क्विंटलचा भाव दहा हजारांच्या वर गेलेला. ब्रह्मदेशाचं तर काय सांगावं. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथं लष्करानं सत्ता घेतली आणि त्याच वर्षी आपण त्या देशाशी दर साली १ लाख टन तुरीचा आणि अडीच लाख टन उडदाचा करार केला, मलावीशी ५० हजार टन तुरीचा. दोन्ही पाच-पाच वर्षांचे. मला हे करार आवडतात. त्यांत निदान ‘पुढच्या वर्षीही घेऊ’ एवढं लिहिलेलं असतं.

आणि तुरीवर थांबतं का? तपेलीत हिंग पडतो तो अफगाणिस्तानातल्या, इराणातल्या कोरड्या डोंगरांचा चीक. हिमाचलातल्या लाहौलमध्ये त्याची पहिली रोपं लावली गेली ती २०२० मध्ये. फोडणीचं तेल सूर्यफुलाचं असलं तर बरंचसं काळ्या समुद्राच्या काठचं. नि राहिली हळद. ती मात्र सांगलीची, हिंगोलीची. बरं वाटतं तेवढं म्हणायला.

कधी कधी पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात मी मुद्दाम कुकर लावत नाही. आजीची तपेली आता माझ्याकडं आहे, बूड काळवंडलेली. तीत डाळ घालते, झाकण कलतं ठेवते, गॅस बारीक करते आणि ओट्याशी उभी राहते. खाली गाड्यांचा आवाज, वरच्या मजल्यावर कुणाची तरी पोर पेटी वाजवत असते, एकच सूर पुन्हा पुन्हा. हळूहळू तो वास उठतो. पूर्वी त्याच्याबरोबर अंगण यायचं, जातं यायचं, पापण्यांवर धुरळा बसलेली आजी यायची. अजून येतात. पण त्यांच्या मागून आणखीही कुणी येतं. पटांगणात पाय ओढत चालणारा तो माणूस. ट्रॉलीखाली चवाळ्यावर झोपलेले काका. आणि एक बाई, जिचा चेहरा मला दिसत नाही, जी काढणीला आलेली तूर हातात चोळून आभाळाकडं बघते आहे. आजी त्यांना ‘या, बसा’ म्हणाली असती. घरात वास गेला की दारातल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, असा तिचा नेम होता.

२०२४-२५ मध्ये देशात तूर पिकली ३५-३६ लाख टनांच्या आसपास, आणि बाहेरून आली ती १२ लाख टनांच्या आसपास. ढोबळमानानं चार वाट्या वरणातली एक वाटी परक्या पावसाची. मला त्यात कमीपणा वाटत नाही. धुईनं फुलं गळणाऱ्या रानांना दुसऱ्या रानांचा आधार हवाच. एकाच आभाळावर सगळं वरण टांगून ठेवणं शहाणपणाचं नव्हे. खुपतं ते दुसरं. ७,५५० रुपये हमीभाव सांगितलेल्या त्या तुरीला २०२५ मध्ये आमच्याकडच्या बाजारांत पुन्हा त्याहून कमी भाव मिळाला, आणि वरण मात्र कुणाच्याही ताटात थांबलं नाही, म्हणून कुणाला काही जाणवलंही नाही. महाग झाली की दार उघडायचं, स्वस्त झाली की लोटायचं. कधी या किनाऱ्यावरच्याला गोत्यात आणायचं, कधी त्या. दोघांपैकी एकानं कंटाळून तूर सोडली तर दुसऱ्याच्या रानातला एक दुष्काळ पुरेल, आणि पुन्हा दोनशे रुपये. साठे हवेतच, २०१६ मध्ये २० लाख टनांचा ठरवला होता तसे. पण रांजणात डाळ राहते ती कुणीतरी पुढच्या मृगावर तिफण जुंपतो म्हणून, आणि तो जुंपतो ते गेल्या वर्षीच्या भावाकडं बघून. काकांनी गेल्या साली तुरीचे तास निम्मे केले. विचारलं तर म्हणाले, ‘घरापुरती हाय की.’

तूरडाळ दोनशेला गेली की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते. ती हमीभावाखाली उतरली की आतल्या पानावर, बाजारभावांच्या बारीक टाइपात, लातूर, अकोला, अमरावती अशा नावांपुढं आकडा असतो. पहिल्या पानाइतकाच तोही वाचत जा.